बारा तासांचा निखारा

टेक्सासमध्ये शनिवारी दुपारी पान वाढायचं असेल, तर विस्तव शुक्रवारी रात्रीच पेटतो. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा चिवट, पाच-सहा किलोंचा सलग तुकडा. तो मऊ व्हायला बारा तास लागतात, कधी चौदा, कधी त्याहून जास्त. आच २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस. पाणी उकळतं त्याच्या जेमतेम वर! एवढी मंद आच रात्रभर न हलता टिकवायची, हे या स्वयंपाकातलं खरं कसब. आणि त्यातलं निम्मं काम कोळशाचं पोतं निवडतानाच होऊन जातं. म्हणून पोतं घेताना कामाला येतील आणि पंगतीतही रंगतील अशा कोळशाच्या काही खमंग गोष्टी.

धुराची चव कोळशाची नाहीच

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण नीट पेटलेल्या कोळशाला स्वतःची चव जवळजवळ नसते. हवा बंद करून लाकूड तापवलं की त्यातलं पाणी, डांबर, आम्ल, वायू सगळं निघून जातं आणि मागे उरतो मुख्यतः कार्बन. धुराला तो ओळखीचा खमंग वास देणारी ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं लाकडातल्या लिग्निनपासून तयार होतात. ती भट्टीतच उडून गेलेली असतात. मग मांसाला चव येते कुठून? निखाऱ्यांवर ठेवलेल्या ओक, हिकरी, सफरचंद, चेरी अशा लाकडांच्या ठोकळ्यांतून, आणि निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीतून.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. वरणाला किंवा भरताला धुरी देताना पातेल्यात वाटी ठेवतो, वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि झटकन झाकण. तूप पडेपर्यंत निखारा गप्प असतो. वास सुटतो तो तुपाचा.

तेव्हा पोत्यावर ‘हिकरीची चव’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय म्हणून जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ते पैसे चांगल्या सुक्या ठोकळ्यांवर घाला. कोळशाकडून मागायचं ते एकच, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जळला पाहिजे.

मोटारीच्या कारखान्यातला भुसा

उशीच्या आकाराची ती काळी वडी, म्हणजे ब्रिकेट, अमेरिकेत घरोघरी पोचली ती हेन्री फोर्डमुळे. त्याच्या मॉडेल टी गाडीत लाकूड बरंच लागायचं. म्हणून १९२० च्या सुमारास त्याने मिशिगन राज्याच्या उत्तरेकडे जंगल घेतलं आणि आयर्न माउंटन इथे लाकडाची गिरणी टाकली. जमिनीच्या व्यवहारात मदतीला होता एडवर्ड किंग्जफोर्ड, फोर्डच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा. गिरणीत ढलप्यांचे आणि भुशाचे ढीग साठायला लागले. वाया जाणारी वस्तू पाहून फोर्ड अस्वस्थ व्हायचा. ओरेगनचे रसायनशास्त्रज्ञ ऑरिन स्टॅफर्ड यांनी असल्या भुशाचा कोळसा करून, स्टार्च घालून वड्या पाडायची रीत बसवली होती. फोर्डने ती उचलली आणि वड्या चक्क आपल्या मोटारींच्या दुकानांतून विकल्या. गाडी घ्या, कोळसा घ्या, सहलीला जा!

१९५१ साली हा धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला आणि कोळशाला किंग्जफोर्ड हे नाव मिळालं. ते आजही अमेरिकेच्या बाजारात आहे. ब्रिकेटचा शोध फोर्डने लावला असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ सालीच अशा वडीचं पेटंट घेतलं होतं.

पांढरी राख का दिसते?

अनेक ब्रिकेटांत लाकडी कोळशाच्या भुकटीबरोबर थोडा दगडी कोळसा, चिकटायला स्टार्च आणि चुनखडी असते. चुनखडीमुळे राख पांढरीशुभ्र दिसते आणि ‘आता तयार’ हे लांबूनही कळतं. याचा तोटा असा की राख जास्त पडते. नुसता लाकडी कोळसा आणि वनस्पतीजन्य स्टार्च एवढंच घातलेली ब्रिकेटही मिळतात. लांब पल्ल्याच्या कामाला मी तीच सुचवेन. कारण पुढे येतंय.

वड्यांचा साप

१९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगणाऱ्या बोयासाठी केलेला धातूचा गोल मधोमध कापला आणि झाकणाची किटली-ग्रिल बनवली. ते भांडं भाजण्यासाठी होतं. पण लोकांनी त्यातच रात्रभराची धुरी देण्याची युक्ती काढली. किटलीच्या कडेने ब्रिकेट रचायची, खाली दोन, वर दोन, एकाला एक टेकून, वर्तुळाचा पाऊणएक भाग भरेपर्यंत. वर लाकडाचे ठोकळे अंतराअंतराने ठेवायचे. मग एका टोकाला पाच-सहा पेटत्या वड्या लावून द्यायच्या. विस्तव शेजारच्या वडीकडून पुढच्या वडीकडे सरकत जातो आणि मांसाला आठेक तास पुरेल अशी मंद आच मिळते. याला तिकडे ‘साप’च म्हणतात.

हे फक्त ब्रिकेटनेच जमतं. सगळ्या वड्या एका मापाच्या असतात म्हणून विस्तवाची चालही एका लयीत राहते. वेड्यावाकड्या कोळशाचा साप मधेच मरतो.

जिम मिनियन यांची उलटी रीत

उभ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या स्मोकरमध्ये, म्हणजे धुरी देण्याच्या शेगडीत, पूर्वी सगळा कोळसा आधी पेटवून घ्यायचे. मग आच भडकायची, उतरायची आणि रात्री उठून भर घालावी लागायची. वॉशिंग्टन राज्यातल्या जिम मिनियन नावाच्या बार्बेक्यू स्पर्धकाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे उलटं केलं. टोपलं भरून न पेटलेला कोळसा, मध्ये खळगा आणि त्यात पंधरा-वीस पेटते निखारे. विस्तव वरून खाली हळूहळू उतरतो. खालच्या झडपा जवळजवळ मिटलेल्या ठेवल्या की रात्रीची झोप मिळते! आज ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पण हिच्यात एक मेख आहे आणि कोळसा निवडताना तीच सर्वांत महत्त्वाची. नवा कोळसा रात्रभर, थोडा थोडा, मांसाच्या खालीच पेटत राहतो. म्हणजे पेटताना सुटणारा त्याचा वासही रात्रभर मांसाला लागतो. भेसळीची वडी पटकन भाजायच्या कबाबाला चालून जाईल, इथे नाही. काडी लावताच भडकणारी, ज्वलनशील द्रवात भिजवलेली ब्रिकेट तर या पद्धतीत चुकूनही घालू नयेत. बारा तासांच्या मेहनतीवर पेटवणाच्या द्रवाचा वास चढतो आणि कुठल्याही सॉसने तो झाकला जात नाही.

वीस मिनिटांची चिमणी

मग पेटवायचं कसं? पत्र्याचं एक नळकांडं मिळतं, बुडाशी जाळी आणि बाजूला मूठ. त्याला चिमणी म्हणतात. वर कोळसा, खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, काडी लावली की काम सुरू. पहिली काही मिनिटं दाट, पांढरा, डोळ्यांत चुरचुरणारा धूर येतो. मग तो एकदम विरळ होतो आणि आतून बारीक तडतड ऐकू येते. खालच्या वड्या नारिंगी दिसायला लागतात, हवा वर खेचली जाते, तोंडाशी धग लहरताना दिसते. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या वड्यांच्या कडांना करडी राख धरली की ओतायला तयार. ना द्रव, ना फुंकणी. शेगडी वापरणाऱ्या कुणालाही ही भेट द्यावी.

अंड्यात ब्रिकेट नको

ब्रिकेटचा प्रतिस्पर्धी म्हणजे लाकडाच्या मूळ आकारातला ढेकळ्या कोळसा. अमेरिकेत त्याला लंप म्हणतात, आपल्याकडचा लोणारी कोळसाही त्याच जातीचा. तो लवकर पेटतो, जास्त तापतो आणि राख अगदी कमी टाकतो. या शेवटच्या गुणामुळेच तो मातीच्या जाड, अंड्याच्या आकाराच्या कमाडोत हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी हे भांडं घरी नेलं, आणि १९७४ साली अटलांटात एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ सुरू केली. कमाडोत हवा खालच्या लहानशा खिडकीतून येते. ब्रिकेटची राख साचली की ती वाट बुजते आणि पहाटे विस्तव गुदमरतो. लंप भरला, तर त्याच्या जाड भिंती धग अशी धरून ठेवतात की एका भरणीत पंधरा-सोळा तास सहज निघतात.

लंप घेताना पोतं हलवून पाहा. खाली चुरा असेल तर ते पोतं ठेवून द्या. चुरा निखाऱ्यांमधल्या फटी बुजवतो आणि हवा अडते. उलट नुसती नारळाएवढी ढेकळं असतील, तर मधल्या पोकळीत आग अचानक भडकते. आदर्श तुकडा मुठीएवढा, फार तर थोडा मोठा. मोठे तळाशी, मध्यम वर, बारीक फटींत, असं हाताने रचणारे लोक आहेत आणि त्यांच्या विस्तवाकडे पाहिलं की त्या दहा मिनिटांचं चीज झालेलं दिसतं.

चांगला कोळसा ओळखायची खूण जगभर एकच आहे. दोन तुकडे एकमेकांवर वाजवा. टणटणीत, काचेसारखा आवाज आला तर लाकूड नीट जळलंय. भद्द आवाज आला, तुकडा तपकिरी दिसला, वजनाला जड लागला, तर आत कच्चं लाकूड किंवा ओल आहे आणि तो धुरवेल.

वाजणारा कोळसा

या आवाजात सगळ्यांवर मात करतो तो जपानचा बिंचोतान. वाकायामा प्रांतातल्या उबामे ओकची लाकडं भट्टीत अनेक दिवस जळतात. शेवटी हवा सोडून भट्टी सुमारे हजार अंशांवर नेतात आणि लालभडक दांडे बाहेर ओढून त्यांच्यावर ओलसर राख-वाळू टाकतात. त्यामुळे वरून पांढुरकी झाक येते. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या तानाबे गावातल्या बिंचुया चोझाएमोन या व्यापाऱ्यावरून त्याला हे नाव पडलं. या दांड्यांपासून जपानी लोक काष्ठतरंगासारखं वाद्यही करतात.

रात्रभराच्या धुरीसाठी तो घ्यावा का? नाही. याकितोरीच्या काड्या किंवा ईल मासा भाजताना त्याची धूरविरहित कडक धग अमोल आहे. ब्रिस्केटला मंद आच हवी आणि धूर तर हवाच. तिथे बिंचोतान जाळणं म्हणजे नुसती पैशांची राख.

टेक्सासची चुलत बहीण आपल्या माळावर

टेक्सासच्या काही भागांत मेस्किट या झाडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजतात. लानो गावातलं कूपर्स हे त्यासाठी प्रसिद्ध. हे मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं जवळचं भावंड, दोन्ही प्रोसोपिस वंशातली. वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात परदेशातून भारतात आणली गेली आणि मग ती आवरेना. माळ, पडीक रानं, तलावांचे काठ तिने व्यापले. कच्छपासून तमिळनाडूच्या रामनाथपुरमपर्यंत तिचा कोळसा पाडतात, आणि तो खरंच दणकट असतो. मात्र मेस्किटचा धूर उग्र. लाकूड म्हणून ते बारा तास जाळलं तर मांस कडवट होतं. टेक्सासचे जाणकार ते आधी जाळून निखारे करतात आणि मगच मांसाखाली घालतात. वेड्या बाभळीलाही हाच न्याय लावावा. तिचा नीट पक्का झालेला कोळसा घ्यावा, ओलं लाकूड नको.

कोळसा पाडणाऱ्या हातांची आठवणही इथेच काढायला हवी. रायगड, ठाणे, पालघरमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर घरदार बंद करून कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून घेतलेल्या उचलीत अडकून वेठबिगारीत सापडलेली माणसं सोडवावी लागल्याच्या घटना आहेत. कोळसा कुठून आला हा प्रश्न चवीपुरता राहत नाही, तो दुकानदाराला विचारायलाच हवा.

चित्त्यासाठी कोळसा

नामिबियात कुरणांवर काटेरी झुडपांनी असा कब्जा केला आहे की गवत उरत नाही. ती झुडपं तोडून त्यांचा कोळसा करतात आणि तो युरोपच्या शेगड्यांपर्यंत जातो. चित्त्याला पळायला मोकळं रान लागतं, काट्यांनी त्याच्या डोळ्यांना इजाही होते. म्हणून तिथली चित्ता संवर्धन संस्था अशाच झुडपांपासून जळणाचे ओंडके बनवते. १७ सप्टेंबर २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरलेले आठ चित्ते याच देशातून आले होते.

कोळसा विकत न घेणारे उस्ताद

साउथ कॅरोलायनातल्या हेमिंग्वे गावचे रॉडनी स्कॉट अख्खं डुक्कर रात्रभर भाजतात आणि निखारे स्वतःच पाडतात. एक उंच लोखंडी पिंप असतं. त्याच्या मधोमध जाड लोखंडी सळया आडव्या घातलेल्या, बुडाशी फावडं जाईल एवढं तोंड. वरून ओंडके टाकून पेटवतात. ओंडका जळत जळत फुटतो आणि निखारे सळयांमधून खाली पडतात. फावड्याने ते उचलायचे आणि डुकराच्या खाली पसरायचे. खांदा आणि मांडी जाड, म्हणून तिथे जास्त, पोटाखाली थोडेच. काही वेळाने पुन्हा फावडं, पुन्हा फेरी, पहाटेपर्यंत. ताज्या निखाऱ्यात लाकडाचा अंश अजून शिल्लक असतो, म्हणून इथे वेगळे ठोकळे लागत नाहीत. धूर आणि धग एकत्रच येते. २०१८ साली स्कॉट यांना जेम्स बियर्ड पुरस्कार मिळाला. त्यामागे हे फावडं आहे!

निळा धूर, गुलाबी कडा आणि अडलेला काटा

धूर दाट पांढरा असेल तर थांबा, मांस ठेवू नका. तो अर्धवट जळणाचा, कडवट धूर असतो. चांगला धूर जेमतेम दिसतो आणि निळसर असतो, कारण त्यातले कण इतके बारीक असतात की निळा प्रकाशच जास्त विखुरतो. लाकडाचे ठोकळे पाण्यात भिजवायची रीत सोडून द्यावी. पाणी आत फारसं शिरत नाही, नुसती वाफ निघते आणि विस्तव रेंगाळतो.

कापलेल्या ब्रिस्केटच्या कडेला दिसणारी गुलाबी रेघ अमेरिकेत अभिमानाने मिरवतात. ती धुराच्या चवीची खूण नाही. जळणातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला धरतात आणि गुलाबी रंग पक्का होतो. इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये ती येत नाही, म्हणून काही जण त्यात कोळशाच्या एक-दोन वड्या टाकतात.

आणि मध्यरात्रीचा तो प्रसंग! मांसाचं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान येऊन अडतं, तासन् तास काटा हलत नाही. नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. कोळशाची चूक नसतेच. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना थंडावा देतं आणि आच तिथेच खर्च होते. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगांनी हे दाखवून दिलं. एकतर वाट बघावी, नाहीतर कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळावं. विस्तवाला हात लावू नये.

मग पोतं कुठलं?

किटली किंवा उभा स्मोकर असेल तर साधी, बिनभेसळ ब्रिकेट. कमाडो असेल तर मुठीएवढा लंप. महाराष्ट्रात राहून करायचं असेल तर नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या वड्या शोधा. त्या घट्ट असतात, राख कमी टाकतात, वास जवळजवळ नसतो आणि बराच वेळ टिकतात. रात्रभराच्या कामाला माझी पहिली पसंती त्यांनाच. आधी दोन वड्या जाळून वास घेऊन पाहावा, मगच पोतं घ्यावं.

पावसाळ्यात पोतं फरशीवर ठेवू नका. कोळसा हवेतली ओल पितो आणि स्टार्चवर उभी असलेली वडी भिजली की विरघळते. झाकणाचा पत्र्याचा डबा उत्तम. काम झाल्यावर वरखाली झडपा बंद करा, उरलेला कोळसा विझून पुढच्या वेळी चालतो. मात्र तो पूर्ण थंड झाल्याशिवाय हलवू नका. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत निघतो.

आणि थंडी असो की पाऊस, पेटलेली शेगडी घरात, बंद गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत कधीही नेऊ नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. स्मोकर उघड्यावरच लावा.